मोबाइलवर ठसठशीत मराठी, कॉम्प्युटरवर मात्र पुसट: फॉन्ट स्मूदिंगचं नेमकं काय बिघडतं?

बातमी एकच, वेबसाइटही तीच. साध्या मोबाइलवर तिची अक्षरं छापील पुस्तकासारखी ठसठशीत दिसतात. ऑफिसातल्या २४ इंची मॉनिटरवर मात्र तीच अक्षरं फिकट आणि कडा विस्कटलेली दिसतात, अनुस्वार आहे की नाही याचाही पत्ता लागत नाही. अशी तक्रार केली की 'चाळिशी लागली, डोळे तपासून घे' हा सल्ला हमखास मिळतो. पण दोष दर वेळी डोळ्यांचा नसतो. अनेकदा तो कॉम्प्युटरच्या एका सेटिंगचा असतो, ज्याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. ते सेटिंग म्हणजे फॉन्ट स्मूदिंग.

हा विषय आत्ता पुन्हा चर्चेत येण्याला कारणं आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्यामुळे कुणी विंडोज ११ वर गेलं, कुणी जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं, तर कुणी थेट मॅक घेतला. सिस्टिम बदलली की अक्षरं 'वेगळी' दिसतात, हे अनेकांच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये गुगल क्रोमने विंडोजवर अक्षरं रंगवण्याच्या पद्धतीत बदल केला होता. शिवाय बाजारात ओएलईडी मॉनिटर आले आहेत. त्यांवर सिनेमा झकास दिसतो, पण वर्डची फाइल उघडली की अक्षरांच्या कडेला रंगीत झाक दिसते, अशी तक्रार होते.

या सगळ्याच्या मुळाशी एक तांत्रिक तडजोड आहे. मराठी वाचणाऱ्यांना तिची किंमत इंग्रजी वाचणाऱ्यांपेक्षा थोडी जास्त मोजावी लागते.

फॉन्ट स्मूदिंग म्हणजे काय?

स्क्रीन म्हणजे चौकोनी ठिपक्यांची, म्हणजेच पिक्सेलची जाळी. फॉन्टमधलं अक्षर मात्र गुळगुळीत वळणांचं असतं. ते जाळीवर बसवायचं तर प्रत्येक चौकोन काळा करायचा की पांढरा ठेवायचा, हे ठरवावं लागतं. फक्त काळा आणि पांढरा वापरला तर 'ठ' चा गोल पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. विणकामात किंवा रांगोळीच्या ठिपक्यांत गोल काढायला गेलं की होतं, तसंच काहीसं.

यावर उपाय म्हणजे कडेच्या चौकोनांना राखाडी छटा द्यायची. अक्षराच्या रेषेने चौकोनाचा निम्मा भाग व्यापला असेल तर तो चौकोन निम्मा काळा. लांबून पाहिलं की डोळ्याला पायरी न दिसता वळण दिसतं. यालाच स्मूदिंग म्हणतात, तांत्रिक भाषेत अँटी-एलियासिंग. विंडोज ९५ च्या काळात हे 'प्लस!' नावाच्या वेगळ्या पॅकमध्ये मिळत असे.

पण राखाडी छटा म्हणजे थोडासा धूसरपणाही. पायऱ्या गेल्या तरी कडेची धार कमी होते. फॉन्ट स्मूदिंगचा पुढचा सगळा इतिहास हा या दोन गोष्टींमधला तोल साधण्याचा प्रयत्न आहे.

एका पिक्सेलचे तीन तुकडे

नोव्हेंबर १९९८ मध्ये लास वेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांनी 'क्लिअरटाइप' हे तंत्र जाहीर केलं. त्यामागची कल्पना हुशारीची होती. एलसीडी स्क्रीनवरचा प्रत्येक पिक्सेल हा खरं तर लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. या पट्ट्या स्वतंत्रपणे कमी-जास्त उजळता येतात. मग अक्षराची कड पूर्ण पिक्सेलवर न थांबवता एक तृतीयांश पिक्सेलवर का थांबवू नये?

असं केलं की आडव्या दिशेने स्क्रीनची बारकाई जवळपास तिप्पट झाल्यासारखी वाटते. कडेला हलका लाल-निळा रंग येतो, पण माणसाचा डोळा रंगातला बारीक फरक उजेड-अंधाराच्या फरकाइतका टिपत नाही. शिवाय रंग शेजारच्या पट्ट्यांमध्ये थोडा पसरवून तो आणखी सौम्य केला जातो.

२००१ मध्ये विंडोज एक्सपीमध्ये क्लिअरटाइप आलं, पण मुळात ते बंद ठेवलेलं असे. विंडोज व्हिस्टापासून ते आपोआप सुरू राहू लागलं. त्याच सुमारास आलेले कॅलिब्री, कॅम्ब्रिया, कॉन्सोलाससारखे फॉन्ट क्लिअरटाइप डोळ्यांसमोर ठेवूनच घडवले होते. जगभरातल्या ऑफिसांची कागदपत्रं पुढची दीड दशकं कॅलिब्रीत टाइप झाली, त्यामागे हेही एक कारण होतं.

आकार जपायचा की धार?

स्मूदिंगच्या जोडीला आणखी एक तंत्र येतं, ते म्हणजे हिंटिंग. अक्षराचा काना दोन पिक्सेलच्या मध्येच पडत असेल तर त्याला थोडं सरकवून एका पिक्सेलवर नेमका बसवायचा. धार येते, पण अक्षराचा मूळ आकार आणि अंतर थोडं बदलतं.

इथे दोन मोठ्या कंपन्यांनी दोन वेगळे रस्ते धरले. मायक्रोसॉफ्टने धारेला महत्त्व दिलं. अक्षर जाळीत नीट बसलं पाहिजे, मग आकार थोडा बदलला तरी चालेल. ॲपलने आकाराला महत्त्व दिलं. फॉन्ट बनवणाऱ्याने काढलेलं वळण जसंच्या तसं दिसलं पाहिजे, मग ते थोडं मऊ दिसलं तरी चालेल. विंडोजवरून मॅकवर गेलेल्याला अक्षरं 'जाड आणि धूसर' वाटतात आणि मॅकवरून विंडोजवर आलेल्याला 'बारीक आणि काटेरी' वाटतात, ते यामुळेच. लिनक्सवर हे दोन्ही रस्ते उपलब्ध आहेत आणि निवड बरीचशी वापरणाऱ्यावर सोडलेली असते.

यात बरोबर कोण, याचं एकच उत्तर नाही. क्लिअरटाइपवर विद्यापीठांमध्ये अभ्यास झाले, त्यांचे निष्कर्षही एकसारखे आले नाहीत. काही जणांना वाचन सोपं वाटलं, तर काहींना रंगीत कडा खटकल्या. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ पासून प्रत्येकाला आपल्या डोळ्यांप्रमाणे हे सेटिंग जुळवता यावं म्हणून 'क्लिअरटाइप टेक्स्ट ट्यूनर' सिस्टिममध्येच दिला.

मग कंपन्यांनी हात का काढला?

गेल्या बारा-पंधरा वर्षांत वारं उलटं फिरलं. त्याची सुरुवात मोबाइलने केली. २०१० च्या आयफोन ४ मध्ये दर इंचाला ३२६ पिक्सेल होते. इतके बारीक ठिपके असतील तर एक तृतीयांश पिक्सेलची करामत करण्याची गरजच उरत नाही. साधी राखाडी छटाही पुरते. शिवाय फोन आडवा धरला की उभ्या पट्ट्या आडव्या होतात आणि क्लिअरटाइपचं गणितच उलटतं.

अडचण आणखी एक होती. रंगीत कडा काढताना मागची पार्श्वभूमी कोणत्या रंगाची आहे, हे आधी माहीत असावं लागतं. आजच्या ॲपमध्ये अक्षरं सरकतात, विरघळतात, पारदर्शक पडद्यावर तरंगतात आणि हे काम ग्राफिक्स चिप वेगवेगळे थर जोडून करते. तिथे राखाडी छटा सोपी पडते.

म्हणून २०१२ मध्ये विंडोज ८ च्या नव्या धाटणीच्या ॲप्समध्ये आणि पाठोपाठ वर्ड २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने रंगीत पद्धत सोडून राखाडी पद्धत घेतली. सप्टेंबर २०१८ मध्ये ॲपलने मॅकओएस मोहावेमध्ये रंगीत स्मूदिंग मुळातूनच बंद ठेवलं. २०२० मध्ये लिनक्सच्या अनेक ॲप्सचा पाया असलेल्या जीटीकेच्या चौथ्या आवृत्तीनेही ते वगळलं. २०२३ मध्ये कॅलिब्रीची जागा ॲप्टॉस फॉन्टने घेतली, तेव्हाही आता जास्त बारकाईच्या स्क्रीन आल्या आहेत, हेच कारण मायक्रोसॉफ्टने दिलं.

या सगळ्यात गृहीत एकच धरलं गेलं, की स्क्रीन चांगली आहे. प्रत्यक्षात काय आहे?

दर इंचाला पिक्सेल किती, याचा हिशोब असा येतो:

• साडेसहा इंची, ७२० × १६०० चा साधा मोबाइल: सुमारे २७०
• साडेसहा इंची, १०८० × २४०० चा मोबाइल: सुमारे ४०५
• १५.६ इंची, १३६६ × ७६८ चा जुना लॅपटॉप: सुमारे १००
• २४ इंची, फुल एचडी मॉनिटर: सुमारे ९२
• २७ इंची, ४के मॉनिटर: सुमारे १६३

म्हणजे सायबर कॅफे, आपले सरकार सेवा केंद्र, शाळेची कॉम्प्युटर लॅब किंवा बँकेच्या काउंटरवर सहसा दिसणारा फुल एचडी मॉनिटर हा अगदी साध्या मोबाइलच्याही एक तृतीयांश बारकाईचा आहे. तो मोबाइलपेक्षा थोडा लांबून पाहिला जातो, म्हणून फरक काहीसा भरून निघतो, पण पूर्ण नाही. स्मूदिंगची खरी गरज या स्क्रीनला आहे, आणि नेमकं त्याच स्क्रीनकडे लक्ष कमी झालं आहे.

मराठीला फटका जास्त का?

क्लिअरटाइपने बारकाई वाढते ती आडव्या दिशेने. रोमन लिपीत अक्षरांची ओळख बरीचशी उभ्या दांड्यांवर अवलंबून असते, त्यामुळे तिला याचा पुरेपूर फायदा मिळाला. देवनागरीचं तसं नाही. तिच्यात काना उभा असला तरी शिरोरेषा आडवी आहे. तिच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. म्हणजे एका ओळीच्या उंचीत तीन मजले बसवायचे असतात.

विंडोजच्या हिशोबात १२ पॉइंटचं अक्षर १०० टक्के स्केलवर १६ पिक्सेलच्या चौकटीत बसतं. त्या १६ पिक्सेलमध्येच हे तिन्ही मजले आले. इथे उभ्या दिशेची बारकाई लागते, आणि विंडोजच्या जुन्या जीडीआय पद्धतीतलं क्लिअरटाइप उभ्या दिशेने स्मूदिंग करतच नसे. शिरोरेषा एक तर एक पिक्सेल जाड किंवा दोन, मधलं काही नाही. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आलेल्या डायरेक्टराइट या पद्धतीने उभ्या दिशेचं स्मूदिंग आणलं. क्रोमनेही विंडोजवर २०१४ मध्ये तीच पद्धत स्वीकारली. पण काही जुनी सॉफ्टवेअर आजही जीडीआयवर चालतात. एकाच कॉम्प्युटरवर ब्राउझरमधलं मराठी बरं आणि जुन्या प्रोग्राममधलं मराठी खडबडीत दिसतं, त्याचं हे एक कारण आहे.

मॅकवर याची उलटी अडचण येते. तिथे शिरोरेषेला जाळीवर नेमकं बसवण्याचा आग्रह नसतो. साध्या मॉनिटरवर ती दोन ओळींच्या मध्ये पडली की दोन्ही ओळी राखाडी होतात आणि सगळा मजकूर विरल्यासारखा वाटतो.

हे केवळ दिसण्यापुरतं नाही. मराठीत एक-दोन पिक्सेलवर अर्थ बदलतो. 'त्याचा' आणि 'त्यांचा' यात फरक फक्त एका ठिपक्याचा आहे, पण एक एकेरी आणि दुसरं आदरार्थी किंवा अनेकवचनी. भ-म, ध-घ, थ-य या जोड्या ओळखताना शिरोरेषेतली छोटी फट कामी येते. ती फट राखाडी छटेने भरून गेली की 'भात' चा 'मात' आणि 'धर' चा 'घर' होतो. 'ब' आणि 'व', तसंच 'ष' आणि 'प' यांच्यात फरक पोटातल्या एका तिरक्या रेषेचा. बातमी वाचताना संदर्भाने अंदाज येतो. पण अर्जातलं आडनाव, सातबाऱ्यावरचं गावाचं नाव किंवा मतदार यादीतली नोंद तपासताना संदर्भ मदतीला नसतो. तिथे वाचणाऱ्याला जे दिसतं, तेच पुढे टाइप होतं.

फॉन्टचाही इथे वाटा आहे. विंडोजवर वर्षानुवर्षं दिसणारा मंगल हा फॉन्ट मुंबईचे सुलेखनकार आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडवला. विंडोज ८ पासून निर्मला यूआय आला. विंडोज १० आणि ११ मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट ऐच्छिक गटात गेले. त्यामुळे जुनी मंगलमधली फाइल नव्या मशीनवर उघडली की कधीकधी दुसऱ्याच फॉन्टमध्ये दिसते. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घेतले की मंगल परत येतो.

ओएलईडी मॉनिटरवर रंगीत झाक का?

क्लिअरटाइप चालतं ते लाल-हिरवा-निळा या क्रमाच्या उभ्या पट्ट्या गृहीत धरून. फार तर हा क्रम उलटा असलेलं पॅनेल त्याला चालतं. पण अनेक ओएलईडी मॉनिटरमध्ये रचनाच वेगळी असते. काहींत चौथी पांढरी पट्टी असते, तर क्यूडी-ओएलईडीत तिन्ही रंग त्रिकोणात मांडलेले असतात. अशा त्रिकोणी रचनेत आडव्या रेषांच्या वर आणि खाली हिरवट-जांभळट झाक येते. शिरोरेषा तर ओळभर पसरलेली आडवी रेषाच आहे, त्यामुळे मराठी मजकुरात ती जास्त जाणवू शकते.

एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले यांनी अलीकडे उभ्या पट्ट्यांची रचना असलेली ओएलईडी पॅनेलही जाहीर केली आहेत. पण ती सगळीकडे पोहोचेपर्यंत, ज्यांचं काम मुख्यतः लिहिण्या-वाचण्याचं आहे त्यांनी मॉनिटर घेण्याआधी दुकानातच एखादं मराठी पान उघडून पाहावं.

क्रोमने काय बदललं?

विंडोजमध्ये क्लिअरटाइप ट्यूनर वापरून अक्षरांची गडदता निवडता येत होती, पण क्रोम ती निवड पूर्ण मानत नव्हता. त्याची गडदता ठरवण्याची रीत स्वतःची होती, त्यामुळे इतर प्रोग्रामच्या तुलनेत वेबपेजवरचा मजकूर फिकट वाटे. मायक्रोसॉफ्टच्या एज टीमने यावर काम करून तो बदल क्रोमियम या सामायिक पायातच दिला. १३२ व्या आवृत्तीपासून क्रोम, एज आणि याच पायावरचे इतर ब्राउझर ट्यूनरमध्ये निवडलेली गडदता वापरतात. म्हणजे आता ट्यूनर चालवला तर त्याचा परिणाम थेट ब्राउझरवर, म्हणजेच बातम्या आणि सोशल मीडिया वाचताना दिसतो.

घरच्या घरी काय करता येईल?

क्रम महत्त्वाचा आहे. आधीची पायरी चुकली तर पुढची उपयोगाची नाही.

• पहिली गोष्ट रिझोल्यूशन. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ज्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलं आहे, तेच ठेवा. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून अनेक जण रिझोल्यूशन कमी करतात. त्याने अक्षर मोठं होतं, पण संपूर्ण चित्र ताणलं जातं आणि कोणतंही स्मूदिंग ते वाचवू शकत नाही.

• अक्षरं मोठी हवी असतील तर स्केल वाढवा. विंडोजमध्ये १२५ किंवा १५० टक्के. यात अक्षर नव्याने, जास्त पिक्सेल वापरून काढलं जातं. मराठीच्या तीन मजल्यांना यातून खरी जागा मिळते. फक्त ब्राउझरपुरतं हवं असेल तर कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबून झूम वाढवा.

• स्केल वाढवल्यावर एखादा जुना प्रोग्राम धूसर दिसू लागला, तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' उघडा आणि तिथले पर्याय बदलून पाहा.

• 'कॉम्प्युटर फास्ट करा' छापाच्या व्हिडिओंत 'ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' निवडायला सांगतात. त्या एका क्लिकने 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स' ही खूणही निघून जाते आणि अक्षरं एकदम काटेरी होतात. कॉम्प्युटर दुरुस्तीहून आल्यावर अक्षरं बिघडलेली दिसली तर आधी इथेच पाहा. परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये जाऊन तेवढी एक खूण परत करा, बाकीच्या तशाच राहू द्या.

• मग स्टार्ट मेनूत क्लिअरटाइप असं शोधून 'ॲडजस्ट क्लिअरटाइप टेक्स्ट' उघडा. एकामागून एक नमुने दिसतात, त्यातला वाचायला सोपा वाटेल तो निवडायचा. इंग्रजी विंडोजमध्ये हे नमुने रोमन लिपीत असतात. म्हणून झाल्यावर एखादं मराठी पान उघडून शिरोरेषा आणि अनुस्वार नीट दिसतात का, ते पाहा. नाही पटलं तर पुन्हा चालवा. यात काही बिघडत नाही.

• मॉनिटर उभा फिरवून वापरत असाल तर रंगीत कडा जास्त दिसू शकतात. तेव्हा क्लिअरटाइप बंद करून पाहणं योग्य.

• मॅकला साधा फुल एचडी मॉनिटर जोडला असेल तर फारशी सोय उरलेली नाही. बिग सरपासून सेटिंग्जमधली फॉन्ट स्मूदिंगची खूणही गेली. टर्मिनलमधून जाडी कमी-जास्त करता येते, पण खरा फरक पडतो तो जास्त पिक्सेलच्या मॉनिटरने.

• लिनक्सवर फॉन्टच्या सेटिंगमध्ये हिंटिंग आणि अँटी-एलियासिंग असे दोन वेगळे पर्याय असतात. साध्या एलसीडीवर 'स्लाइट' हिंटिंग आणि आरजीबी सबपिक्सेल हे जोड आधी वापरून पाहावं.

• टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरत असाल तर टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय पोर्टला 'पीसी' मोड द्या आणि शार्पनेस कमी करा. अनेक टीव्ही व्हिडिओसाठी रंगाची माहिती गाळतात. सिनेमात ते कळत नाही, पण अक्षरांत लगेच कळतं.

सेटिंगने काय सुधारत नाही?

फॉन्ट स्मूदिंग लागू होतं ते खऱ्या मजकुराला. व्हॉट्सॲपवर फिरणारं परिपत्रक, स्कॅन केलेली पीडीएफ, कोट लिहिलेली पोस्ट ही सगळी चित्रं आहेत. पाठवताना कॉम्प्रेस झालेल्या चित्रातला अनुस्वार कोणताही ट्यूनर परत आणू शकत नाही. महत्त्वाची माहिती असेल तर मूळ पीडीएफ किंवा दुवा मागावा, आणि पाठवताना फोटोऐवजी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावं.

स्क्रीनशॉटचीही एक गंमत आहे. क्लिअरटाइप सुरू असलेल्या लॅपटॉपवर घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये त्या लाल-निळ्या कडा कायमच्या उमटतात. त्या लॅपटॉपच्या पट्ट्यांसाठी केलेल्या असतात. वेगळ्या रचनेच्या मोबाइल स्क्रीनवर, तेही मोठं करून पाहिलं की त्या उघड्या पडतात. पोस्टसाठी मजकुराचा स्क्रीनशॉट घ्यायचाच असेल तर आधी झूम वाढवून घेतलेला बरा.

काही वेळा दोष वेबसाइटचा असतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी, बारीक वजनाचा फॉन्ट हा प्रकार डिझायनरच्या उत्तम स्क्रीनवर देखणा दिसतो. वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका फरक मागतात. देवनागरीत बारीक मात्रा असल्याने ही मर्यादा अगदी काठावर पाळणंही पुरेसं ठरत नाही. मॅकवर अक्षरं मुद्दाम बारीक करणारी एक सीएसएस आज्ञाही अनेक वेबसाइट सवयीने वापरतात. ती इंग्रजी मथळ्यांसाठी ठीक, पण लहान मराठी मजकुराला ती आणखी अशक्त करते.

याने डोळे बिघडतात का?

पुसट अक्षरं वाचून डोळ्यांना कायमची इजा होते, याला आधार नाही. पण डोळे बारीक करून, मान पुढे काढून वाचलं की थकवा, डोकेदुखी आणि मानदुखी येते. स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. सेटिंग नीट केल्याने हा त्रास कमी होऊ शकतो, चष्म्याचा नंबर मात्र कमी होत नाही. ओळखायची सोपी खूण अशी: त्याच अंतरावर धरलेलं वर्तमानपत्र स्पष्ट दिसतं आणि स्क्रीन दिसत नाही, तर आधी सेटिंग तपासा. दोन्ही पुसट दिसत असतील तर नेत्रतज्ज्ञांकडे जा.

पुढे काय?

येत्या काळात मॉनिटरची बारकाई वाढत जाईल आणि हा प्रश्न हळूहळू मागे पडेल, असं कंपन्यांचं गणित आहे. ते चूक नाही. पण मॉनिटर मोबाइलसारखा दर दोन-तीन वर्षांनी बदलला जात नाही. सरकारी कार्यालयात, शाळेत किंवा लहान दुकानात एकदा बसवलेला फुल एचडी मॉनिटर बंद पडेपर्यंत वापरला जातो. तोपर्यंत मराठी नीट दिसण्याची जबाबदारी वेबसाइट आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांवरही येते. मजकुराचा आकार थोडा मोठा, रंग गडद, ओळींत मात्रा-उकारांना पुरेशी जागा आणि लहान आकारातही उघडा राहणारा फॉन्ट, एवढ्याने बरंच काम होतं. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा मुक्त किंवा गुगलचा नोटो यांसारखे देवनागरी फॉन्ट फुकट उपलब्ध आहेत, त्यामुळे खर्चाची सबबही उरत नाही.

नवं पोर्टल सुरू करताना ते मोबाइलवर उघडतं का, हे आता सगळेच तपासतात. तेच पान तहसील कार्यालयातल्या २४ इंची मॉनिटरवर १०० टक्के स्केलला उघडून 'त्याचा' आणि 'त्यांचा' वेगळे दिसतात का, एवढी एक तपासणी त्या यादीत वाढवायला हरकत नाही.